लाखेची मोहर

धुरीवाडा, मालवण
२० जून २०२५

सुगंधाबाय,

तुला फोन करत नाही. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही नि उरलेलं निम्मं तू भलतंच ऐकतेस. मागे मी "बांगडे धाडते" म्हटलं, तर "ह्या वयात मला बांगड्या कशाला गो वहिनी" म्हणून तू रडायला लागलीस. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात मी शाळेतल्यासारखं शुद्ध लिहिते, म्हणजे घोटाळा नको.

तुझ्या भावाचं वर्षश्राद्ध झालं. तुझे गुडघे धरलेत म्हणून तू घाट उतरली नाहीस, त्याचा राग नाही. पण पानं वाढताना सगळी विचारत होती, भाईची बहीण कशी नाही आली? मी म्हटलं, आंबोलीचा पाऊस तुम्ही बघितलाय का?

आता मुद्द्याचं. आजारपणात शेवटी शेवटी ह्यांचं एकच पालुपद होतं. "सुगंधाक मोहर दी. विसरू नको." बोटीवरची ट्रंक वर्षभर मी उघडली नव्हती. परवा उघडली नि तो गोल डबा काढला. तू बघितला असशील, करंड्याएवढा, झाकणावर दोन तोंडांचा पक्षी. हे बोटीवर असताना रशियातून घेऊन आले होते. तुझ्या आईने तो पक्षी गंडभेरुंड समजून डबा देव्हाऱ्यात बसवला होता, त्याच्या खाचेत अजून तिची कुंकवाची पिंजर अडकलेली आहे. आत लाखेची मोहर आहे. नीट जप. ठिसूळ आहे, पडली तर गेली.

पोस्टाचा भरवसा नाही म्हणून डबा धोंडूकडे देते. तो सुक्या मासळीचा टेम्पो घेऊन बेळगावला जातो, वाटेत तुमच्या टपरीवर उतरवील. सोबत थोडे बांगडेही आहेत. बांगडेच, बांगड्या नव्हेत.

तुझी वहिनी
रुक्मिणी


आंबोली
२८ जून २०२५

वहिनी,

डबा पोचला. धोंडूने चहा घेतला, पैसे देत होता, घेतले नाहीत.

वहिनी, तुझं काळीज वाघाचं आहे. लाखाची मोहर, आणि ती तू सुक्या बांगड्यांच्या पोत्याला टेकवून पाठवलीस? दार लावून घेतलं नि मग डबा उघडला. भाई शब्दाचा पक्का, हे मला ठाऊक होतं. आणि काय डोकं माणसाचं! कस्टमवाल्यांना कळू नये म्हणून वरून लाख चढवली. आमचा सोनारसुद्धा पोकळ दागिन्यात लाख भरतो, पण भाईने उलटंच केलं, लाखेच्या पोटात घातली.

आता आतली कधी बघते असं झालंय. सुनेला, दीपिकाला, अजून काही सांगितलं नाही. तू पण कुणाला बोलू नकोस. एवढं कळव, तिच्यावर राजाचं तोंड आहे की राणीचं?

इथे टॉवर बंद पडलाय. टपरीवर धबधबा बघायला आलेल्यांची गर्दी असते, त्यांना मक्याची कणसं भाजून देता देता दीपिकाचे हात काळे झालेत. बांगडे छान होते.

सुगंधा


धुरीवाडा, मालवण
४ जुलै २०२५

सुगंधाबाय,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. माझं डोकं फिरलंय की तुझं, ते आधी ठरवायला हवं.

लाखेची मोहर सुक्या बांगड्यांबरोबर पाठवली म्हणून काय बिघडलं? लाखेला वास लागत नाही. आणि हे कस्टमवाले मध्येच कुठून आले? ह्यांनी डबा उघडपणे खिशातून आणला होता, कुणी हात लावला नाही. वरून लाख चढवली म्हणजे काय गो? आतली म्हणजे कुठली? डब्याच्या आत लाख, लाखेच्या आतही लाखच. पेढा फोडला तर आत काय जिलबी निघते?

राजाराणीचं मला ठाऊक नाही. पक्षी आहे. झाकणावर तोच, लाखेवरही तोच. अधिक हवं असेल तर बाप्तिस्ताला विचारीन. तुझ्या भाईबरोबर बोटीवर होता तो, चर्चच्या मागे राहतो. डबा घेतला तेव्हा तो बरोबर होता म्हणे. सध्या त्याला दमा झालाय, पण जिभेला काही झालेलं नाही.

गणपतीची चवथ ह्या वर्षी ऑगस्टातच आहे. दोन दिवस आधी ये. तुझ्याशिवाय करंज्यांच्या कडा कोण मुरडणार? माझ्या करंज्या कढईत तोंडं वासतात.

तुझी वहिनी


आंबोली
६ जुलै २०२५

वहिनी,

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण मला धीर धरवत नाही म्हणून लिहिते.

डब्यात मोहर नाही.

मी सगळं नीट बघितलं. सगळं म्हणजे सगळं. आत काही नाही. होती की नव्हती, की होती आणि मग नव्हती झाली, हे देवाला ठाऊक आणि तुला. मी तुझ्यावर संशय घेत नाही. पण ट्रंकेची किल्ली तुझ्याच कमरेला असते. मे महिन्यात तू घराचं छप्पर नवं घातलंस, तेव्हा मी विचारलं का, वहिनी हे कसं जमवलंस? नाही विचारलं.

तुला गरज होती तर सांगायचं होतंस. मी नको म्हटलं नसतं. पण भाई माझ्यासाठी म्हणून ठेवून गेला आणि तू मला रिकामी लाख धाडलीस. परक्यासारखं वागवलंस.

चवथीला मी येणार नाही. भाई होता तोवर माहेर होतं.

सुगंधा


धुरीवाडा, मालवण
१२ जुलै २०२५

सुगंधा,

आज "बाय" लिवणंय नाय. नि आज शुद्धबिद्ध लिवक पण माका जमाचा नाय, सांगान ठेवतंय.

छप्पर कशान घातलंय विचारतंस? माझ्यो पाटल्यो मोडून घातलंय. तुझ्या आयेन माका लग्नात घातलेल्यो. पावसात तुझ्या भावाच्या फोटयेर पाणी गळत होता, ता माका बघवना. आता बरा वाटला?

डब्यात मोहर नाय म्हणतंस, मगे मी काय धोंडो धाडलेलंय? माझ्या हातान कापसात गुंडाळून ठेवलंय ती. तुझा पत्र वाचून माका वाटला, टेम्पोवाल्यान घोळ केल्यान. तशीच बाजारात गेलंय नि सगळ्यांदेखत धोंडूक धरलंय. "मेल्या, डब्यातली मोहर खंय रे?" बापडो रामेश्वराची शपथ घेवन सांगता, "काकी, मी डबो उघडूक सुदीक नाय." कोळणी बघीत रवल्यो. तेची बायको आता माझ्याशी बोलणा नाय. ह्या सगळा कोणामुळे?

आता माझा एक आयक. मी तुका आधी सांगलंय नाय, सांगूचा नव्हता. ट्रंक वर्षभर उघडूक नाय म्हणान लिवलंय, ता खोटा.

एकदा तो डबो ह्यांच्या हातातसून पडलो नि मोहरेची एक कड फुटली. ह्यांका इतक्या वाईट वाटला की दोन घास जेवले नाय. मगे पोस्टातसून लाखेची कांडी आणून, मेणबत्तयेर तापवन, ती कड सांदल्यानी नि वयर आंगठो दाबल्यानी. आंगठ्याच्यो रेषा तशाच उठल्यो. गेला वर्षभर दिवो लावन झालो की मी तो डबो उघडी, नि त्या आंगठ्यार माझो आंगठो ठेवी. थंड लागा. पण तो तेंचोच आंगठो.

माका ती मोहर तुका देवची नव्हती. खरा सांगतंय. पण ते सांगान गेले, म्हणान दिलंय. नि तू माका चोर म्हणतंस.

परत बघ. लाल, वाटोळी, पेढ्यायेवडी, एका कडेक आंगठो. गावली काय ताबडतोब कळव. चवथीक येवचा नसात तर येव नको.

रुक्मिणी


धुरीवाडा, मालवण
३ ऑगस्ट २०२५

सुगंधाबाय,

तुझं पत्र नाही, धोंडूबरोबर निरोप नाही. बरी आहेस ना? रागात लिहिलं ते चुलीत घाल. माझी जीभ तुला नवीन आहे का?

काल बाप्तिस्त आला होता. त्याच्यापुढे बसून मी तुझं गाऱ्हाणं घातलं नि तुझं पहिलं पत्र वाचून दाखवलं. जरा पुढे गेले तर त्याने हात वर केला. "परत वाच गो ता." मी परत वाचलं. तो म्हणाला, "तुझ्या नणंदेन लाखाची लिवलाहा काय लाखेची?" मी म्हटलं, लाखेचीच असणार, दुसरी कुठली? तरी चष्मा पुसून बघितलं. अगो, खच्‌कन काना दिलाहेस तू! मी इतके दिवस त्यावरून लाखेची, लाखेची म्हणतच पुढे जात होते. आणि माझ्या पत्रातल्या मात्रेचा तू काना केला असशील. बाप्तिस्त इतका हसला की त्याचा दमा उठला, पाठ चोळून त्याला गरम पाणी द्यावं लागलं.

मग त्याने सगळं सांगितलं. ओडेसा बंदरात त्यांची बोट लागली होती. तेव्हा तो सगळा रशियाच. बाजारात एक म्हातारी फडक्यावर जुन्यापान्या वस्तू मांडून बसली होती. तुझ्या भाईने तिला आपली मुंबईची घडीची छत्री दिली नि हा डबा घेतला. दुभाष्याने त्यांना समजावलं, ते बाप्तिस्ताच्याच शब्दांत लिहिते. "राजाचो कागद, कागदाक दोरी, दोरीयेक लाख, नि लाख फुटा नये म्हणान तेका डबो. कागद गेलो, दोरी गेली. लाख नि डबो रवलो." डब्याच्या कडेला खाचा आहेत ना, त्यातून ती दोरी बाहेर यायची. म्हणजे पिंजर जिथे अडकलीय तिथून. लाखेवर उठवलेला पक्षी हीच मोहर, राजाने खरं म्हणून उमटवलेली. सोन्याची मोहर कधी नव्हतीच बाय.

आणि पुढे ऐक. डबा घेऊन बोटीवर परत येईपर्यंत तुझा भाई आपल्याशीच हसत होता. बाप्तिस्ताने विचारलं तर म्हणाला, "भैणीक लाखाची मोहर आणतंय म्हणान सांगान इलंय. आता लाखेची घेवन जातंय. एका कान्याचो तर फरक, चलतलो तिका!"

असं काही तो तुला बोलला होता का? मला तर ह्यातलं अक्षर माहीत नव्हतं. मग इतकी वर्षं दिली का नाही, तेही मी विचारलं. बाप्तिस्त म्हणतो, घरी आला तर तुझं लग्न ठरलेलं, सोन्यावरून सगळ्यांची तोंडं सुकलेली. तेव्हा असली मस्करी करायला त्याची जीभ उचलेना. पुढच्या खेपेला, पुढच्या खेपेला करता करता राहूनच गेलं.

तर आता घर नीट शोध. लाल खडा समजून दीपिकाने कुठे टाकली नाही ना? कपाटाखाली बघ, उंदीर ओढतात. धोंडूची मी माफी मागितली आहे, त्याची बायको अजून तोंड फिरवते.

तू मला चोर म्हणालीस ते मी विसरले. मोहर सापडली की डब्यात घाल नि डब्यासकट चवथीला ये.

तुझी वहिनी


आंबोली
१२ ऑगस्ट २०२५

वहिनी,

घर शोध म्हणतेस म्हणून लिहिते. ती सापडणार नाही. मी ती वितळवली.

डबा आला त्याच आठवड्यात. दीपिका टपरीवर गेली नि मी गॅसवर जुनं जर्मनचं पातेलं ठेवलं, त्यात मोहर टाकली. मला वाटलं लाख उतरेल नि आतून सोनं निघेल. पक्ष्याची दोन्ही तोंडं आधी बसली, मग सगळं लाल पाणी झालं. मी उलथण्याने ढवळत होते, आता खण्ण वाजेल म्हणून. काही वाजलं नाही. मग वाटलं, वाजलं असेल, आपल्यालाच ऐकू आलं नाही. म्हणून बोट घालून चाचपलं. फोड आला, अजून डाग आहे.

तेव्हा मला तुझा असा राग आला की काय सांगू. त्या रागात तुला छपरावरून लिहिलं. तुझं उत्तर आलं, पेढ्याच्या आत जिलबी निघते का ते, तेव्हा लाख पातेल्यात थिजलेली होती. मग तुझं ते दुसरं पत्र आलं. आंगठ्याचं. ते वाचलं नि मी तशीच मागच्या पडवीत जाऊन बसले. दीपिका विचारत होती, आई काय झालं? मी म्हटलं, गुडघे. वहिनी, लाख वितळली त्याचं काही नाही. मी भाईचा आंगठा वितळवला. सगळ्या जगात तेवढाच उरला होता नि तो मी उलथण्याने ढवळला.

तू विचारलंस, बोलला होता का. बोलला होता. पहिल्यांदा बोटीवर निघाला तेव्हा मी चौदा वर्षांची. एसटी स्टँडवर त्याच्या पेटीची कडी मी सोडेना. कंडक्टर घंटी मारतोय, बाबा ओरडतायत. तेव्हा माझ्या कानात म्हणाला, "रडू नको गो, तुका लाखाची मोहर आणतंय." मी कडी सोडली. हे मी कधी कुणाला बोलले नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. तो घरी यायचा, साबण, सेंट, नायलॉनची साडी द्यायचा, नि मी प्रत्येक वेळी त्याच्या तोंडाकडे बघायची. सोनं मला नको होतं गो. त्याला आठवतंय का, एवढंच बघायचं होतं. तू डबा पाठवलास तेव्हा वाटलं, आठवत होतं. लाख वितळली नि वाटलं, आठवत असूनही मला कुणीतरी फसवलं. तुझं पत्र मी डोळ्यांनी वाचलंच नाही. कानात जे पन्नास वर्षं बसलेलं, तेच वाचलं.

आता कुठल्या तोंडाने येऊ? डबा धोंडू खाली उतरेल तेव्हा त्याच्याकडे देते. रिकामा आहे. तुझ्याजवळ ठेव, त्याचा हात तरी लागलेला आहे. पातेलं पडवीत तसंच पडलंय, तळाला लाख धरून. दीपिका म्हणते सोडा घालून उकळलं की निघेल, चवथीच्या आधी घासून टाकते.

छपराचं मी जे लिहिलं त्याची मला आयुष्यभर लाज वाटेल. मला शिव्या घालायला तरी पत्र लिही.

सुगंधा


धुरीवाडा, मालवण
१७ ऑगस्ट २०२५

सुगंधाबाय,

तू सांगलंस म्हणान आधी शिव्योच घातलंय. मोठ्यान घातलंय. बाप्तिस्त दारात इललो, तो आयकान तसोच माघारी गेलो. मगे रडलंय. आज सगळो दिवस चूल पेटवूक नाय. तो आंगठो गेलो ता माका सोसणा नाय, नि सोसता असा खोटा मी लिवणंय नाय.

पण सांजेक काय झाला, माका तू दिसलंस. उलथणा हातात, कान पातेल्याक लायलेलो, खण्ण वाजता काय बघतंस. भैरी मेली! नि माका हसू इला. इतक्या हसू इला की शेजारची लक्ष्मी बघूक इली. भाई आसते तर पोट धरून जमनीर लोळले आसते. तेंका तुझी मस्करी करूची होती ना? झाली बघ. तेंच्या मागे झाली, पण झाली.

नि तू म्हणतंस आठवण होती काय. बाय, शेवटच्या दिसांत तेंनी माझा नाव घेवक नाय. तुझा घेतल्यानी. माका वळाखतसुद्धा नव्हते कधी कधी, पण "सुगंधाक मोहर दी" ह्या चुकला नाय. माका तेचो राग इललो. वर्षभर होतो. कोणाक सांगतलंय? तुका सांगतंय. आता तुका समाजला मा, तेंका आठवत होता काय नाय ता?

माहेर खंय गेला नाय. छप्पर आसा, चूल आसा, मी आसंय. चवथीच्या दोन दिस आधीच्या गाडयेक बस, गुडघ्यांका तेल लाव नि बस. डबो धोंडूकडे देव नको, तूच घेवन ये.

ह्या पत्र मी पोस्टात टाकणंय नाय. धोंडू फाटफटी, उजाडूच्या आधी निघता, तेच्या हातात दितंय, नि तेका सांगलंय की टपरीर नाय, सरळ घरात जावन दी. दीपिकाक आत्ताच्या आत्ता सांग, त्या पातेल्याक सोडो लावची नाय. हात लावची नाय. माझो घोव आसा त्येच्यात खंयतरी. ता पातेला तसाच घेवन ये.

तुझी
वहिनी